गाडी काय म्हणते?

बालमित्रांनो,

गेल्या वेळी आपण सायकलची चेन का पडते ते पाहिलं. आज जरा मोठ्या गाडीकडे वळू या. पण सुरुवात होणार आहे ती चक्क मराठीच्या तासापासून!

चौथीच्या वर्गात ध्वनिदर्शक शब्द चालले होते. मी पहिला शब्द म्हणायचा, दुसरा मुलांनी. पानांची? सळसळ! पाण्याचा? खळखळाट! विजांचा? कडकडाट! मुलं रंगात आली होती. मी म्हटलं, "मोटारीची?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "घरघर!"

मागच्या बाकावरून एक हात मात्र वर आला. या मुलाचे वडील वडाप चालवतात. (वडाप म्हणजे काय, हे आमच्या सातारा-सांगलीकडच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, माणसं भरून गावोगाव जाणारी जीप.) तो म्हणाला, "बाई, चांगली गाडी घरघर करत नसती. घरघर आली म्हंजे चाकाचं बेरिंग गेलं."

वर्ग खो-खो हसला. मी हसले नाही. एकतर त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. 'घरघर लागणे' हा वाक्प्रचार आपण शेवट जवळ आलेल्या गोष्टीसाठीच वापरतो की नाही? आणि दुसरं म्हणजे, दोन वर्षांपूर्वी असंच एका लहान मुलीचं बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं. ती गोष्ट आधी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गुहागरला निघालो होतो. कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा रस्ता. गाडी जुनीच घेतलेली. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आमची नऊ वर्षांची लेक. मल्हारपेठच्या अलीकडेच ती म्हणाली, "आई, चाकात पक्षी ओरडतोय. चूं-चूं करतोय."

आम्ही दोघांनी कान दिला. काहीच ऐकू येईना. हे म्हणाले, "अगं, बाहेर असेल एखादा." मी म्हटलं, "गाणी लाव, म्हणजे पक्षी उडून जाईल." आम्ही काचा वर केल्या आणि गाणी लावली.

पाटण गेलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आई, पक्षी गेला. आता कुणीतरी नारळ खवतंय."

या खेपेला मलाही काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं. पण रस्ता खडबडीत होता. मीच स्वतःची समजूत घातली, रस्त्याचा आवाज असेल. मोठी माणसं अशी समजूत फार पटकन घालतात, बरं का!

घाट सुरू होण्याआधी आम्ही चहाला थांबलो. तिथे एक ट्रकचालक बाकावर बसले होते. आमची गाडी ब्रेक लावून उभी राहिली तेवढ्यात त्यांनी मान वर केली. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "पाव्हणं, आवाज कवापास्नं येतोय?"

हे म्हणाले, "कसला आवाज?"

"आवं, लोखंडाला लोखंड घासतंय. पोरंबाळं घेऊन घाट उतरू नका. आधी चाक उघडून बघा."

त्यांनीच फोन करून ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि ब्रेकचं पॅड आमच्या हातात ठेवलं. बाहेरच्या बाजूचं पॅड बरं होतं. आतल्या बाजूचं मात्र पार संपलं होतं, नुसती लोखंडी पाटी उरली होती. तिने चाकाच्या चकतीवर गोल गोल चरे पाडले होते. ग्रामोफोनच्या तबकडीसारखे!

मिस्त्रींनी विचारलं, "आधी बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता का?"

आम्ही दोघं गप्प. मागून उत्तर आलं, "येत होता. चूं-चूं."

त्या दिवशी गुहागरचा समुद्र राहिला. पॅडं आणून बसवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि आम्ही हळूहळू कराडला परत आलो. नंतर चकत्याही बदलाव्या लागल्या. पण रात्री जेवताना ह्यांनी लेकीला सांगितलं, "तुझं ऐकायला हवं होतं. चुकलं माझं." मीही तेच म्हटलं. आणि तेव्हापासून मी गाडीचे आवाज समजून घ्यायला लागले. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

चूं-चूं आणि खरखर

सायकलचा ब्रेक दाबला की रबराचे दोन तुकडे रिमला दोन्हीकडून धरतात आणि चाक थांबतं. मोटारीच्या पुढच्या चाकांतही साधारण तसंच असतं. चाकाबरोबर लोखंडाची एक चकती फिरते, तिला म्हणतात डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅडं असतात. ब्रेक दाबला की पॅडं डिस्कला चिमटीत धरतात. पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर चिकटवलेला, घासायला केलेला थर. पेन्सिल लिहून झिजते तसा हा थर ब्रेक लावून लावून झिजतो. नवा असताना तो साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायची वेळ झाली.

पण ड्रायव्हरला कळणार कसं? म्हणून पुष्कळ गाड्यांच्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ लावलेली असते. पॅड पुरेसं झिजलं की ती जीभ डिस्कला टेकते आणि चूं-चूं ओरडू लागते. म्हणजे आमच्या लेकीचा तो 'पक्षी' कारखान्यातूनच चाकात बसवलेला होता! त्याचं कामच ते. तो सांगत असतो, "अजून ब्रेक लागतोय, पण पॅड बदला."

त्याचं ऐकलं नाही तर उरलेला थरही संपतो आणि लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासते. हीच ती खरखर, नारळ खवल्यासारखी. चूं-चूं ही सूचना होती. खरखर म्हणजे सूचनेची मुदत संपली. आता ब्रेक नीट धरत नाही, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, चकती तापते. आणि हे सगळं घाटात, उतारावर! म्हणून खरखर ऐकू आली की गाडी सुरक्षित जागी उभी करायची आणि मिस्त्रींना बोलवायचं. 'घरी गेल्यावर बघू' म्हणायचं नाही.

पावसाळ्यातला एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर उगाच घाबराल. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर पातळ गंज चढतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र होतं आणि मग थांबतं. ते ठीक. आणि कधीकधी डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये खडा अडकतो, तोही भयंकर कर्कश ओरडतो. पण तो खडाच आहे हे ठरवायचं मिस्त्रींनी, आपण नाही.

तिला ऐकू आलं, आम्हाला का नाही?

याचं उत्तर आपल्या कानांत आहे. लहान मुलांना सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा बारीक आवाज ऐकू येतो. वय वाढतं तसे आधी हे बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. त्यात काचा बंद, गाणी चालू, ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर. तुम्ही मात्र मागे निवांत, चाकाच्या जवळ बसलेले असता. तेव्हा गाडीतले सर्वांत तिखट कान तुमचे असतात! ते नुसते खिडकीबाहेर लावून चालणार नाही.

पण नुसतं "आवाज येतोय" म्हणून भागत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर "दुखतंय" एवढंच सांगितलं तर ते काय विचारतात? कुठे, केव्हापासून, काय केल्यावर? तसेच गाडीच्या आवाजाला चार प्रश्न विचारायचे. केव्हा येतो? कुठून येतो? कसा येतो? आणि कशाने बदलतो?

यातला चौथा प्रश्न सर्वांत हुशार. गाडी जागेवर उभी असतानाही आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल, तर तो बहुधा इंजिनाकडचा. गाडी चालतानाच येत असेल, तर चाकांकडचा. ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर ब्रेकचा. बघा, निम्मं कोडं इथेच सुटलं!

आता आवाजांची उजळणी

पहिली आपली घरघर. वेग वाढला की ती वाढते, गिअर बदलला तरी फरक पडत नाही. संशय चाकाच्या बेरिंगवर. कोणत्या चाकाच्या? गाडी उजवीकडे वळली की तुम्ही मागच्या सीटवर डावीकडे कलंडता ना? तसाच गाडीचा भारही डावीकडच्या चाकांवर येतो. उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डाव्या बाजूचं बेरिंग तपासायचं, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्या बाजूचं. वाकडंतिकडं झिजलेलं टायरही असाच आवाज करतं. पण ते डांबरी रस्त्यावर वेगळं आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळं बोलतं.

दुसरी कटकट. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे निघाली की कट-कट-कट! पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे एक्सलवर, वळणारा सांधा असतो. त्यावर रबराची टोपी असते आणि टोपीत ग्रीस. टोपी फाटली की ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ आत शिरते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून धुळीतून जाणाऱ्या आमच्याकडच्या गाड्यांना ही टोपी वेळच्या वेळी पाहून घ्यावी लागते. टोपी स्वस्त, सांधा महाग!

तिसरी किंचाळी. सकाळी गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना बॉनेटमधून 'चीं' होते आणि थांबते. तिथे एक रबरी पट्टा फिरत असतो. तो सैल झाला, जुना झाला किंवा ओला झाला की घसरतो आणि किंचाळतो.

चौथी टिकटिक, इंजिनातून येणारी. अशा वेळी आधी ऑईल पाहायचं. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून मोठ्यांनी ऑईलची पट्टी काढून बघायची. ऑईल कमी असताना गाडी दामटली तर इंजिनाला खरोखरच घरघर लागते. ऑईलच्या चिन्हाचा लाल दिवा चालताना लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद!

पाचवी खर्रर्र, गिअर टाकताना. गिअर म्हणजे दाते असलेली चाकं. त्यांचे वेग जुळले नाहीत तर दात दातावर आपटतात. क्लच पूर्ण दाबला गेला नाही की असं होतं. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्स गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकला तरी असंच होतं. क्लच नीट दाबूनही खर्रर्र होत राहिली, तर मात्र गाडी दाखवायला हवी.

सहावी खडखड, फक्त खड्ड्यात किंवा गतिरोधकावर येणारी. ती गाडीखालच्या सांध्यांतून, रबरी बुशांतून, शॉकअपमधून येते. पण थांबा! मिस्त्रींकडे जाण्याआधी डिकी रिकामी करा. निम्म्या खडखडी पाना, जॅक आणि पाण्याची बाटली मिळून करतात, असं आमचे मिस्त्री सांगतात.

आता बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीही आल्या. त्यांच्यात इंजिनच नाही, मग आवाजही नाही? तसं नव्हे. ब्रेक, बेरिंग आणि टायर त्यांनाही असतात. उलट इंजिनाचा गोंगाट नसल्याने हे बारीक आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात.

मिस्त्रींचा स्टेथोस्कोप

आमचे कराडचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एकेका भागाला टेकवतात आणि मुठीला कान लावतात. मला वाटायचं, ही काय जादू! पण यात शास्त्र आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून मात्र त्याच्या जवळजवळ पंधरापट वेगाने. आणि टोक जिथे टेकलंय तिथलाच आवाज कानापर्यंत थेट येतो, हवेत पसरून विरत नाही.

रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरला १८१६ साली पॅरिसमध्ये हीच गोष्ट आठवली होती. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्याने कागदाची घट्ट गुंडाळी केली, रोग्याच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. तोच पहिला स्टेथोस्कोप! आता मोटार-मिस्त्रींसाठीही खास स्टेथोस्कोप मिळतात. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर मोटारींवर संशोधन करणारी एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालची. तिथे गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजण्याची प्रयोगशाळा आहे. म्हणजे तिथेही मुख्य काम ऐकण्याचंच!

एक तंबी मात्र देऊन ठेवते. स्क्रू-ड्रायव्हरचा हा उद्योग तुम्ही करायचा नाही. चालू इंजिनात पट्टा आणि पंखा फिरत असतात. गाडीखाली जायचं नाही आणि प्रवासानंतर चाकाच्या डिस्कला हात लावायचा नाही, ती सडकून तापलेली असते. तुमचं हत्यार एकच, कान!

आई-बाबांसाठी चार ओळी

हे पान तुम्हीही वाचता, म्हणून तुमच्याशीही बोलते. मूल म्हणालं "आवाज येतोय", तर गाणी बंद करा, काच खाली करा आणि दोन मिनिटं खरंच ऐका. दहातल्या नऊ वेळा काही नसेलही. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरू नका. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. मग ते तापल्यावर त्यात बुडबुडे होतात आणि पाय पुरता खाली जाऊनही ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. आणि पॅडं पाहायला सांगाल तेव्हा आतल्या बाजूचीही पाहायला सांगा. आमचं तिथेच फसलं होतं.

आता गृहपाठ!

एक, वर्गातल्या बाकाला एका टोकाला कान लावा. दुसऱ्या टोकाला मित्राला नखाने हळूच खरडायला सांगा. मग कान उचलून पुन्हा ऐका. फरक वहीत लिहा.

दोन, 'आवाजाची वही' करा. पुढच्या प्रवासात, मग ती मोटार असो, वडाप असो की एसटी, एक आवाज पकडा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. अशी: 'केव्हा? ब्रेक दाबल्यावर. कुठून? पुढून डावीकडून. कसा? चूं-चूं. कशाने बदलतो? ब्रेक सोडला की थांबतो.' एवढं जरी मिस्त्रींच्या हातात दिलंत, तरी त्यांचं अर्धं काम होईल.

आणि तीन, मराठीत गाडीच्या आवाजांचे आणखी किती शब्द सापडतात? करकर, फडफड, धडधड, भुणभुण, फुसफुस... तुमची यादी या पानाच्या पत्त्यावर पाठवा.

जाता जाता एवढंच. परवा उंब्रजहून येताना आमची लेक मागून म्हणाली, "बाबा, टकटक येतंय. वळणावर." ह्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली. डिकी उघडली, तर स्टीलची पाण्याची बाटली इकडून तिकडे लोळत होती. ह्यांनी ती उचलून लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "शाब्बास. पुढे काही ऐकू आलं तर सांग."

या खेपेला कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू या.

तुमच्या बाई